मॉलवर झोपणारे आबा

माझे सासरे लहानपणी मॉलवर झोपायचे, ही बातमी मला माझ्या मुलीच्या शाळेकडून कळली.

मी डब्लिनमधल्या क्लोनडॉकिनला ऑफिसात होते. शाळेचा फोन आला तशी मी मीटिंग अर्धवट टाकून बाहेर पळाले. फोनवर तिच्या वर्गाच्या बाई होत्या. आवाज इतका मऊ, की मला वाटलं पोरीनं हातच मोडून घेतला. "सगळं ग्रँड आहे हं, अगदी ग्रँड," असं, म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे' असं, दोन-तीनदा म्हणून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुमचे सासरे आता बरे आहेत ना? म्हणजे, राहायला वगैरे?"

"आमच्याच घरी आहेत की," मी म्हटलं. "ओंगारला. तीन महिन्यांसाठी आलेत."

"किती छान! नाही, लहानपणी फार सोसलं ना त्यांनी. मॉलच्या छपरावर झोपायचे, सगळी भावंडं, उघड्यावर. वर्गात आजी-आजोबांविषयी बोलायचं होतं, तेव्हा तुमच्या मुलीनं सांगितलं. आम्हाला सगळ्यांनाच गलबलून आलं हो."

मी भिंतीला टेकले. आबा सांगोल्याकडचे. ज्या वस्तीवर काडेपेटीसुद्धा आठवडी बाजारातून यायची, तिथे मॉल कुठून उपटला?

संध्याकाळी मुलगी घरी आली ती स्वतःएवढी पिशवी ओढत. आत एक स्लीपिंग बॅग, लोकरीचे जाडजूड मोजे, आणि सगळ्या वर्गानं रंगवलेलं एक कार्ड, त्यावर पाऊस पडणारा मॉल आणि त्याच्या टोकावर एक उदास म्हातारा. मी कपाळाला हात लावला. आबांनी मात्र मोजे तिथल्या तिथे चढवले, बोटं हलवून बघितली आणि म्हणाले, "लई गुणाची शाळा हाय. आमच्या वक्ताला मास्तर नुसता हाणायचा."

गोंधळ झाला होता एका शब्दाचा. आबांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर: लाकडी तुळया, त्यावर बारीक फाटे, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अख्खं घर वर अंथरुणं टाकून झोपायचं. आबांनी नातीला तेवढंच सांगितलं होतं, "आम्ही माळवदावर झोपायचो." पण आबा जन्मभर एसटीत कंडक्टर. गावांची नावं दारातून ओरडून ओरडून त्यांचे शब्द अर्धेच तोंडाबाहेर पडतात, उरलेले मागच्या स्टॉपवरच राहतात. त्यात ऐकणारे कान ओंगारमध्ये वाढलेले. "माळवदावर"चं झालं "मॉलवर". आणि मॉल म्हणजे काय, हे आमच्या पोरीला सांगायला नको. दर शनिवारी मीच नेते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन खुलासा केला. घर स्वतःचं होतं, छप्पर मातीचं होतं, पण बेघर कुणी नव्हतं. बाई मान हलवत राहिल्या. "मातीचं छप्पर," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. स्लीपिंग बॅग परत करण्याचा विषय मी काढलाच नाही.

घरात आठवडाभर हसण्याला ऊत आला. नवरा तर बापाला "काय मॉलवाले" म्हणूनच हाक मारत होता. आबाही हसत होते. पण एका सकाळी मी चहा टाकला होता, तर ते येऊन ओट्यापाशी उभे राहिले. पायात शाळेचे मोजे.

"एक सांग पोरी. ही बया माझ्याशी बोलत का न्हाई?"

"बोलते की, आबा."

"काय बोलती? जेवलीस का? ग्रँड. शाळा कशी हाय? ग्रँड. पाय दुखतोय का? ग्रँड. ग्रँड म्हंजे मोठं न्हवं? समदंच कसं मोठं आसंल?"

खोटं नव्हतं. आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं असं मी धरून चालले होते, म्हणजे मॉल सोडून सगळं. पण तोंडातून निघतं ते आयरिश इंग्लिश, तेही ओंगारच्या अंगणातलं. आबांना इंग्लिश येतं ते तिकिटापुरतं. दोघांच्या मध्ये मी. "मॅमी, टेल आबा." "पोरी, तिला म्हणावं." एकदा तर तिनं सांगितलं, चहापत्ती प्रेसमध्ये आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आबांनी घरातले सगळे पेपर झटकून बघितले. फोडणी जळायची, फोन वाजायचा आणि हे दोघं एकाच सोफ्यावर बसून माझ्यामार्फत गप्पा मारायचे. माझं डोकंच सटकायचं. "अरे, मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का? बोला की एकमेकांशी!"

"मी आता चाललो," आबा त्या सकाळी म्हणाले. "हितं पुन्हा काय माझ्यानं येणं हुयाचं न्हाई. इमानात पाय सुजत्यात. मग फोनवर ती 'ग्रँड' म्हणून पळणार अन् मी तुझं त्वांड बघत बसणार. आपल्या बोलीत एक वाक्य बोलली ना पोरगी माझ्याशी, की मी सुखानं जातो. एकच. लई मागत न्हाई."

"बोलेल हो, आबा," मी म्हटलं आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातली. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

मग मी पोरीच्या मागे हात धुऊन लागले. चॉकलेटं कबूल केली, सायकल कबूल केली, डून लेरीला समुद्रावर नेऊन आइस्क्रीम कबूल केलं. ती काही हट्टी नाही हो, लाजते. मराठी बोलताना तिची जीभ अडखळते आणि तिचा बाप हसतो, त्या बापाला मी वेगळं झापलं. शेवटी एका दुपारी ती आबांसमोर जाऊन उभी राहिली. कान लाल. आबा सावरून बसले. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "हाय आबा."

आबांचा चेहरा उजळला. त्यांच्या बोलीत 'आहे'ला 'हाय' म्हणतात. "काय हाय?" त्यांनी उत्सुकतेनं विचारलं.

ती पळून गेली.

माळवद म्हणजे काय ते तरी तिला कळू दे, म्हणून मी लेगोचे ठोकळे काढले. भिंती केल्या, पेन्सिलींच्या तुळया केल्या, बागेतली माती आणून वर थापली. तिनं शांतपणे सगळं बघितलं. "रूफ? मेड ऑफ मक?" म्हणजे चिखलाचं छप्पर, असं विचारलं आणि मागच्या दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर पाऊस. बागेचा चिखल झालेला, शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलीन तळ्यासारखं भरलेलं. "इट वुड मेल्ट, मॅमी," ती म्हणाली. "आबा इज मेसिंग."

"मेसिंग?" आबांनी कान टवकारले. "मेस कशाला? मी घरीच जेवायचो की."

मेसिंग म्हणजे इथे थट्टा करणं, थापा मारणं. मी सांगायला नको होतं, पण दुभाषाची सवय. तोंडातून निघून गेलं. आबा उठले, मागचं दार उघडलं आणि हात बाहेर काढून नेहमीसारखा घोष केला, "वलं हाय!"

हा त्यांचा रोजचा कार्यक्रम होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ दार उघडायचं, तळहात बाहेर धरायचा आणि अख्ख्या घराला एसटीच्या आवाजात हवामान सांगायचं. तीन महिन्यांत त्या बातमीत फारसा बदल झाला नाही. दुसरं त्यांचं पालुपद होतं "मागं सरका." रांगेत, लिफ्टमध्ये, दुकानात, जिथे दोनाहून जास्त माणसं दिसतील तिथे आबा हात पसरून "मागं सरका, मागं सरका" म्हणायचे. लोक खरंच सरकायचे. बसमध्ये तर त्यांची चंगळ. इथे बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक यू म्हणतो. आबा पुढच्या सीटवर बसून प्रत्येकाला परस्पर उत्तर द्यायचे, "बरं बरं, या. जपून उतरा." ड्रायव्हर आरशातून बघत राहायचा.

परतीचा प्रवास आबांना एकट्यानं करायचा नव्हता. माझे मोठे दीर रियाधला असतात. आबा पंधरा दिवस त्यांच्याकडे राहून मग त्यांच्याबरोबर गावी जाणार होते. शाळेला ऑक्टोबरची सुट्टी लागली होती. नवऱ्याला रजा नव्हती. म्हणून मी आणि मुलगी आबांना पोचवायला निघालो. विमानात आबांनी मोजे काढले नाहीत. रियाधच्या उन्हातही काढले नाहीत, वर सँडल चढवल्या.

दुसऱ्याच दिवशी दिरांनी आम्हाला गावाबाहेरच्या जुन्या महालांपाशी सोडलं आणि ते ऑफिसला गेले. "मातीचे राजवाडे आहेत," एवढंच म्हणाले. मला वाटलं, असतील चार पडक्या भिंती. गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. अख्खं शहर मातीचं. उंच उंच भिंती, गव्हाच्या पिठासारख्या रंगाच्या. त्यांत वाऱ्यासाठी ठेवलेली छोटी त्रिकोणी भोकं, वर दातेरी कठडे, आत चौक, चौकातून दुसरा चौक. सगळं नव्यानं दुरुस्त केलेलं, चालायला लाकडी वाटा, आणि कोपऱ्यावर चकचकीत कॉफीचं दुकान.

आबा एका भिंतीपाशी गेले. वास घेतला. मग मला हळूच म्हणाले, "पोरी, फशिवत्यात हे. शिमिट हाय." आणि किल्लीनं भिंत खरवडायला सुरुवात केली.

पहारेकरी असा काही धावत आला की माझा जीवच गेला. मी तीन भाषांत माफी मागितली. आबांच्या नखात खरी माती आली होती आणि ते ती पहारेकऱ्याला दाखवून "बराबर! बराबर!" म्हणत त्याची पाठ थोपटत होते, जणू तोच परीक्षेत पास झाला. मुलगी खांबाआड तोंड लपवून हसत होती. बरं झालं, पहारेकऱ्यालाही हसू आलं.

मग आम्हाला एका वाटाड्याच्या गटात घालण्यात आलं. तरुण मुलगा, पांढरा शुभ्र पायघोळ अंगरखा, इंग्लिश अगदी सफाईदार. आमच्याबरोबर आणखी काही पर्यटक. आबांनी त्यांना मोजलं, दाराशी उभं राहून एकेकाला आत सोडलं आणि "मागं सरका, मागं सरका" सुरू केलं. वाटाड्याला वाटलं, हे महालाच्याच नोकरीत असावेत.

"मॅमी," मुलगी कुजबुजली, "युअर मॅन इज सो टॉल."

आयर्लंडात समोरच्या कुठल्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. तिथे नवी होते तेव्हा मीही दचकायचे. नेमके हेच दोन शब्द आबांना कळले. "हिचा माणूस?" ते मोठ्यानं म्हणाले. "हिचा माणूस डब्लिनात हाय!" वाटाड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आणि छताकडे पाहिलं म्हणूनच मला ते दिसलं. लाकडाच्या तुळया, त्यांवर बारीक फाटे, फाट्यांवर खजुरीच्या झावळ्या, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारी माती. मी आबांचा दंड धरला. "आबा, वर बघा."

आबांनी वर बघितलं. तोंड उघडं ते उघडंच. मग नातीचा हात ओढून वर बोट दाखवत त्यांनी एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "मा. ळ. व. द."

ती मान मागे टाकून बघत राहिली. "दॅट्स द मॉल?" ती म्हणाली. मग वाटाड्याकडे वळून तिनं विचारलं, यावर लोक खरंच झोपायचे का?

"हो तर," वाटाड्या इंग्लिशमध्ये म्हणाला. "उन्हाळ्यात सगळे वरच झोपायचे. माझे आजोबासुद्धा."

तिचे डोळे विस्फारले. "हिज ग्रँडडॅड अॅज वेल!" म्हणजे दोन वेगवेगळ्या देशांतले दोन म्हातारे एकच थाप मारतील, असं तिलाही वाटलं नसणार. मी आबांना भाषांतर करून सांगितलं आणि आबांना जो चेव चढला! ते वाटाड्याला खेचत बाहेरच्या चौकात घेऊन आले. मी मागून धावले, मला वाटलं आता काय विचारतील आणि मी कुठल्या भाषेत सांगणार. पण मला कुणी विचारलंच नाही. आबांनी हवेत बादली धरून पाणी शिंपडलं. वाटाड्या हसला, त्यानंही शिंपडलं: संध्याकाळी छप्पर गार करायला. आबांनी अंथरूण पसरलं. त्यानं उशी ठेवली. आबा डोळे मिटून घोरले. मग एकदम डोळे उघडून आबांनी तळहात वर केला, थेंब पडल्यासारखा. वाटाड्यानं "आह!" केलं, अंगरखा गुडघ्यापर्यंत उचलला, हवेतली गादी काखेत मारली आणि पळाला. त्याच्यामागे उशी घेऊन आबा. बाकीचे पर्यटक फोन काढून शूटिंग करायला लागले. त्यांना वाटलं, तिकिटात हे पण आहे.

मुलगी पोट धरून हसत होती. मीही. म्हणून आमच्या लक्षातच आलं नाही, की चौकाच्या एका बाजूला दोरी बांधली आहे आणि दोरीपलीकडे दोन गवंडी एका बुटक्या भिंतीला आणि तिच्या पायथ्याच्या ओट्याला ताजा गिलावा करतायत. भुसा घातलेला ओला चिखल, नुकताच थापलेला. आबा वाटाड्याकडे तोंड करून उलट्या पावली नाचत निघाले होते, काखेत ती नसलेली उशी, आणि दोरी त्यांच्या टाचांपासून हातभर. माझं तोंड उघडलं. शब्द एकही निघेना, ना मराठी, ना इंग्लिश.

माझ्या शेजारून आवाज आला. खणखणीत, अगदी एसटी स्टँडवरचा.

"आबा! मागं सरका!"

आबांनी ऐकलं. नातीनं आपल्याला मराठीत काहीतरी सांगितलं, हे त्यांना कळलं, आणि ते आनंदानं, अत्यंत आज्ञाधारकपणे, मागं सरकले.

दोरी टाचेत अडकली. आबा गवंड्यांच्या मधून ओल्या गिलाव्यावर धप्पकन बसले, पाठीसकट.

"वलं हाय!" ती किंचाळली.

आता तिला सांगायला थोडा उशीर झाला होता. बिचारीची चूक तरी काय? तिनं तीन महिने जिथे जिथे 'मागं सरका' ऐकलं, तिथे तिथे लोक वाटेतून बाजूला झाले होते. तिला वाटलं, त्याचा अर्थ 'सांभाळा' असा आहे.

मी धावले. गवंडी धावले. वाटाड्या तर पांढराफटक पडला. एक पाहुणा म्हातारा, एक ऐतिहासिक भिंत, काय आधी उचलावं हेच त्याला समजेना. "आबा, लागलं का? आबा!" मी ओरडत होते. आबांना काहीही लागलं नव्हतं. चिखल मऊ होता आणि आबा त्यात खुर्चीत बसल्यासारखे बसले होते. लेंगा गेला, सदरा गेला, शाळेच्या मोज्यांचा रंगही गेला. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"काय म्हणालीस?" त्यांनी नातीला विचारलं.

तिचे ओठ थरथरत होते. "सॉरी, आबा."

"सारी न्हवं. ते मगाचं."

ती माझ्याकडे बघायला लागली. दुभाषाकडे. मी मुद्दाम गवंड्यांकडे बघितलं. तिनं नाक ओढलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "वलं हाय, आबा. चिखल हाय. उठा."

"ऐकलं का!" आबांनी चिखलातूनच दोन्ही गवंड्यांना, वाटाड्याला, सगळ्या पर्यटकांना सांगितलं. "नात हाय माझी! नात!" गवंड्यांना त्यातलं अक्षर कळलं नसेल, पण त्यांनी माना डोलावल्या. मी तिथे उन्हात उभी राहून हसता हसता चक्क रडले. मला लाज वाटली नाही. पोरगी सांगोल्याकडचं बोलत होती, 'चिखल हाय' म्हणत होती, मी पुण्याची, मला ते इतक्या वर्षांत कधी साधलं नाही.

आबांना उठवायला चौघं लागले, कारण ते उठायलाच तयार नव्हते. भिंतीत त्यांच्या पाठीचा आणि ओट्यात बैठकीचा ठसा उमटला होता. गवंड्यानं त्यावरून हात फिरवला आणि ठसा गेला, भिंत पुन्हा पहिल्यासारखी झाली. वाटाड्यानं आम्हाला वेलदोड्याची पिवळसर कॉफी आणि खजूर दिला, बहुधा आम्ही लवकर जावं म्हणून. आबा कॉफीच्या दुकानात कागद अंथरून बसले आणि नातीला एकेक वस्तू दाखवून विचारत राहिले, "ह्ये काय हाय?" ती सांगत राहिली. खजूर हाय. कप हाय. युअर मॅन हाय.

आम्ही दोघी डब्लिनला परत निघालो, तेव्हा विमानतळावर निरोप घेताना आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता रडारड होणार. आबा म्हणाले, "ग्रँड," आणि वळून चालायला लागले.

आता आबा गावी आहेत. माळवद केव्हाच गेलं, त्या जागी स्लॅब आहे. दर रविवारी फोन येतो. आबा फोन इतका जवळ धरतात की आम्हाला एक नाकपुडी आणि अर्धी मिशी दिसते. पूर्वी अशा फोनवर पोरगी दोन मिनिटांत पसार व्हायची. गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. फोन आला तसा तिनंच उचलला.

"आबा, मागं सरका," ती म्हणाली.

या वेळी तिला जे म्हणायचं होतं, तेच ती म्हणाली होती. आबा सरकले. मिशी पूर्ण झाली, मग चेहरा दिसला, मग मागचं आकाश, आणि मग ते कशावर बसलेत तेही दिसलं. शाळेची स्लीपिंग बॅग, स्लॅबवर व्यवस्थित अंथरलेली.

"कुठं हाय आबा?"

"मॉलवर हाय की!" आबा म्हणाले, आणि दोघंही खिदळले. "तिकडं काय हाल?"

ती फोन घेऊन मागच्या दाराशी गेली, दार उघडलं, तळहात बाहेर धरला. "वलं हाय." मग तिला शाळेतलं काहीतरी सांगायचं होतं. कुणाचा तरी दात पडला होता आणि तो हरवला होता. मराठीत ते तिला जमेना. ती अडली, "तो दात... दात गेला... तिकडं..." करायला लागली. आबा भुवया उंचावून वाट बघत होते. मला राहवेना. मी पदराला, म्हणजे एप्रनला हात पुसत तिच्या खांद्यावरून वाकले आणि म्हटलं, "आबा, ती म्हणतेय की—"

"मॅमी," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मागं सरका."

मी मागं सरकले.